वीसवरून पाच

टिळे मॅडमनी जुन्या चिठ्ठीवरचा वीसचा आकडा खोडला
आणि शेजारी पाच लिहिलं.
एवढंच.
बाहेर कॅनडा कॉर्नरचा सिग्नल तसाच लाल.

दोन वर्षं मी हेच मागत होते.
आता हातात आलं, चिठ्ठी पर्समध्ये ठेवली,
तर वाटलं काहीतरी उघडं टाकून निघालेय घरातून.
गॅस. नळ. मागचं दार.

केमिस्टकडे पाचची गोळी नव्हती.
"दहाची घ्या ना ताई, अर्धी करा,"
गुळाची ढेप अर्धी करा म्हणावं तसं.

वीसच्या दिवसांचं सांगते.
निफाडला दव गोठल्याची बातमी आली त्या रात्री
मी गच्चीत सुती गाऊनवर उभी, मानेवरून घाम निथळतोय.
आत दिगंबर दोन गोधड्यांखाली, वर पंखा पाचवर.
बिचारा कानटोपी घालून झोपायचा.
एकदा म्हणाला, "माझं लग्न भट्टीशी झालंय,"
आणि घाबरून बघितलं, मी हसतेय का.
हसले होते. अर्ध्या तासानं रडलेही.
ते रडणं माझं की गोळीचं,
हे कुणाला विचारायचं?

मी पिंपळगावच्या प्रयोगशाळेत काड्या तपासते.
ऑक्टोबर छाटणीच्या आधी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणतात,
मी एकेक डोळा ब्लेडनं उभा चिरते, भिंगाखाली धरते
आणि सांगते, आत घड आहे, की जिरला,
की नुसती बाळी.
"मग कितव्या डोळ्यावर कापू?"
माणसं माझ्या तोंडाकडे बघतात तेव्हा
मला माझंच तोंड आठवतं, त्या खुर्चीतलं.
माझी गाठही कुणीतरी अशीच काचेवर ठेवली असेल,
बाजूला चहा निवत असेल.
त्या माणसाचा राग नाही. मीही चहा पिते.

कारभारी बोरस्ते एकदा म्हणाले,
"हार्मोनचं मिठासारखं असतं ताई.
बेतात मारलं तर घड लांबतो,
जास्त झालं की देठाचं लाकूड."
ते द्राक्षाबद्दल बोलत होते.
त्यांचं सगळं चाललंय ते घालायला, माझं ते अडवायला,
आणि बेत दोघांनाही सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी गोळी प्रयोगशाळेत नेली.
आधी अख्खी तोलली. दीडशे मिलिग्रॅम.
मग रेघेवर नखानं दाबली, बटर पेपरवर.
तराजूचं काचेचं दार लावून श्वास धरला.
एक तुकडा सत्त्याहत्तर, दुसरा एकाहत्तर.
दोन कुठे गेले?
कागदावर भुकटी होती, दिसेल न दिसेल अशी.
मला कळतं, गोळीत बराचसा खडूच असतो.
शिकलेली बाई आहे मी. एमएस्सी, माती आणि पाणी.
तरी खोलीचं दार आतून लावलं,
बोट ओलं केलं,
भुकटी टिपली आणि चाटली.

मोठा तुकडा त्या रात्री घेतला. भीतीनं.
छोटा दुसऱ्या रात्री, देवाला सांगून.
मग काही दिवसांनी कुठला मोठा हे बघायचं राहून गेलं.
राहिलंय हे लक्षात आलं तेव्हा पुन्हा दोन रात्री बघितलं.

टिळे मॅडम म्हणाल्या होत्या, तपासणी चुकवायची नाही.
कॅलेंडरवर मार्चमध्ये पेन्सिलीनं गोल केलाय.
दिगंबरनं तो पेनानं गिरवला, मला न सांगता.

मार्गशीर्षात एका पहाटे जाग आली.
पंखा बंद होता. कुणी केला, कळलं नाही.
दूर नाशिकरोडकडे गाडीची शिट्टी.
काहीतरी चुकतंय असं वाटून मी तशीच पडून राहिले, हात छातीशी,
म्हणजे जिथे छाती होती तिथे.
मग समजलं, थंडी वाजतेय.
नुसती थंडी, सगळ्या गावाला वाजते तशी.

दिगंबरच्या गोधडीचं टोक ओढलं.
"पाय केवढे गार आहेत तुझे," तो झोपेतच पुटपुटला,
आणि सरकला नाही.