एकोणतीसचा पाढा

राऊच्या पुढे, बायपासवर, सकाळचे साडेसहा.
पाय ठीक आहेत. तक्रार डोक्याची आहे.
पंचविसाव्या किलोमीटरपासून ते
सराफ्यातल्या मुनीमासारखं वही उघडून बसलंय:
झोप किती झाली, चढ किती उरला,
आणि हे सगळं तुला सांगितलंय कोणी?

उत्तर नाही माझ्याकडे.

रावेरकर म्हणाला होता,
वाद घालू नकोस त्याच्याशी. काम दे.
म्हणून हा पाढा.
दिवसभर हिंदीत जगते मी, काउंटरवर, भाजीवाल्याशी,
मोजणं तेवढं अजून मराठीत होतं.
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न,
त्रिक सत्त्याऐंशी,
चोक सोळोदरसे,
पाचा

पाचा किती?

ट्रकनं हॉर्न दिला.
टपरीवर कोणाच्या तरी पोह्यांवर शेव पडली.
मी पुन्हा पहिल्यापासून.
दुणे. त्रिक. चोकपाशी घाम डोळ्यांत.
पुन्हा.

पंचेचाळासे!
एवढ्या मोठ्यानं ओरडले
की सायकलवरचा दूधवाला वळून बघू लागला.

तेव्हा कळलं, दगड मागे गेलाय.
एक नाही, दोन.
मला न विचारता.

डोकं आता सकपाशी अडलंय.
अडू दे.