पिंपांचा हिशेब

त्या रात्री अंधार नव्हताच.
आमच्या बोथ्नियाच्या आखातात जूनची रात्र
नुसती पापणी मिटते, झोपत नाही.
म्हणून सगळं दिसलं:
क्षितिजावर दोन धुरांडी,
मग नऊ होड्या, वल्ही एका तालात,
पुढच्या होडीत शिशाचा ओळंबा टाकून
पाण्याची खोली ओरडणारा एक पोरगा.
आवाज फुटायच्या वयाचा.

खुणेचे खांब आम्ही आदल्याच दिवशी उपटले होते.
तरी आले.

अधिकाऱ्यानं टोपी काढली, कागद वाचला.
पाद्रीबुवांनी अर्थ सांगितला:
कुणाच्या खासगी मालाला हात लावणार नाही,
फक्त झारच्या.
वाल्पुरीनं विचारलं,
यातलं झारचं पिंप कुठलं, दाखवा.
पाद्रीबुवांनी तेवढं भाषांतर केलं नाही.

डांबर असं होतं:
उभ्या पाइनची साल सोलायची,
थोडी यंदा, थोडी पुढच्या साली,
चार वर्षं झाडाला रडू द्यायचं.
मग तोडायचं, रचायचं, मातीनं लिंपायचं,
आठ-दहा दिवस आत मंद धग.
जाळ वर आला की चार वर्षं गेली,
म्हणून कुणी झोपायचं नाही.
माझ्या बापाच्या भुवया
पुरत्या उगवलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

वखारीला मशाल लावली
तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "हळू, हळू!"
भट्टीवर पोरांना सांगावं तसं.

वारा नव्हता. धूर सरळ उभा राहिला.
उतारावरून डांबर वाहत आलं,
धक्क्यावरून पाण्यात शिरलं
आणि पाणी पेटलं.
एल्यास पिंपांचे शिक्के मोजत बसला होता,
चारशे बारा.
त्यातली तीनशे लंडनच्या व्यापाऱ्याची,
पैसे आगाऊ चुकते झालेली.
हे अधिकाऱ्याला सांगावं का,
यावर दोघांचं भांडण झालं;
तोवर होड्या परत निघाल्या होत्या.

जाताना त्यांनी वाल्पुरीच्या गाईचे पैसे दिले.
गाय कापून नेली होती. नाणी खरी निघाली.

एक होडी खडकावर आपटून मागे राहिली.
सकाळी (तिला सकाळ म्हणायचं असेल तर)
बापानं तिच्या दोन फळ्यांमधल्या फटीत
नख घातलं, नाकाशी नेलं,
बराच वेळ तसाच उभा राहिला.
"आपलंच," म्हणाला.

होडी आम्ही ठेवून घेतली. चांगली होती.
फक्त डागडुजीला
गावात तोळाभर डांबर उरलं नव्हतं.