रकाना नऊ

घरपट्टी खात्यात एकतीस वर्षं काढली.
पेठांतली दारं मी अजून नंबरानं ओळखतो.
कुलूप दिसलं की लिहायचो: दार बंद, पुन्हा येणे.
पुन्हा गेलो ते थोड्याच वेळा.

आता निवृत्तीनंतर मंडळीनं कामाला लावलंय.
नाना पेठेतल्या हॉलमध्ये, लग्नाच्या पंगतीच्या टेबलावर
प्रीतम चक्रनारायणनं शहर पसरलं,
आठ कागद चिकटवून.
हिरवं म्हणजे आपली माणसं. पिवळं म्हणजे थोडी.
लाल म्हणजे जिथं सुवार्ता पोचलीच नाही.
नदीपलीकडे, वाघोलीपासून केसनंद फाट्यापर्यंत
एवढं लाल, की रणनवरेबाईंनी चहाचा कप उचलून घेतला.

"काका, तुम्हाला मोजायची सवय आहे."

आहे.
भीतीही आहे, शब्बाथ शाळेत लागलेली:
एका राजानं आपली माणसं मोजली
आणि देशात मरी आली.
पुण्यात उलटं. आधी मरी आली,
मग घराघरांत शिरून मोजणारे.
पणजोबांच्या दारावर कुणी डांबरानं आकडा काढला होता,
तो पुसट व्हायला तीन नाताळ लागले म्हणे.

फॉर्मला नऊ रकाने.
माणसं, वयं, गाव, बोली, काम, पगार,
पुण्यात किती वर्षं, धर्म,
आणि नववा: गरज, एका शब्दात.

केसनंद रस्त्यावर बावीस मजली सांगाडा,
त्याच्या पायाशी पत्र्याच्या एकशे साठ खोल्या.
नंबर नाहीत. आकारणी नाही.
कुठून सुरुवात करावी कळेना,
म्हणून नळापासून केली.

पाणी, म्हणाला पहिला. दुसराही पाणी.
तिसऱ्यानं विचारलं, लिहिल्यावर येतं का?
चौथीचा नवरा रात्रपाळी करून आडवा झालेला.
गरज: झोप. लिहिलं.

सेहेचाळिसाव्या खोलीत सुकांती दिगाल.
जिल्हा कंधमाल. बोली कुई.
छापील यादीत कुई नव्हती,
'इतर'वर खूण केली, ती तिनं पाहिली.
आठव्या रकान्याला मात्र हसली,
गळ्यातला दोरा बाहेर काढला,
त्याला लाकडी क्रूस, कडा झिजून गोल झालेल्या.
"तेवीस घरं आहेत आमची. रविवारी रात्री दहाला,
सिमेंटच्या गोडाऊनमागं. दिवसा स्लॅब असतो."
पाळक कोण?
"ज्याला वाचता येतं तो."

मी लाल रंगावर उभा होतो.

मग तिनं विचारलं, मोडक्या हिंदीत,
जेवलात का विचारावं तसं:
तुमच्या देवळात किती?
नोंदीला चारशे बारा, म्हणालो.
"येतात किती?"
पंखे अकरा आहेत, ते ठाऊक.
त्यांच्याखालचं मी कधी मोजलं नव्हतं.
"मग आमच्यातलं कुणी पाठवू का, मोजायला?"
चेष्टा नव्हती. खरंच विचारत होती.

नववा रकाना तिनं भरू दिला नाही.
चहा दिला, काळा, चिमूटभर मीठ घातलेला.

रात्री प्रीतमला फोन केला, लाल काढ म्हटलं.
कुठला रंग देऊ, काका?
सांगता येईना.

एक कोरा फॉर्म उरला होता.
माणसं: एक. वय: अडुसष्ट.
मुलगा मेलबर्नला, तो रकान्यात बसत नाही.
बोली: मराठी, समोर कुणी असलं तर.
धर्म झरकन लिहून झाला.
नवव्यापाशी पेन बराच वेळ तसंच.
मग जुन्या सवयीनं, सरकारी अक्षरात:
दार बंद.
पुन्हा येणे.