सहावी चौकट

खाजन बॉइज क्लबच्या नव्या भिंतीवर
पाच नावे मी कालच संपवली.
अक्षरामागे वीस रुपये, रंग त्यांचा, शिडी माझी.
जोडाक्षर एक धरायचे की दोन
यावरून सेक्रेटरीशी सकाळीच वाजले.
त्यात ळ माझा फुगतो,
पण असोळण्यात राहून ळ टाळणार कसा.

सहावी चौकट रिकामी.
खाली बाकावर, उर्राकच्या दोन बाटल्यांभोवती
अर्धे गाव, आणि उरलेले येतेय.

"कुश्तोद," पेद्रू म्हणतो, "दुसरा आहे कोण?
एका मोसमात सत्तावीस. त्यातले नऊ डोक्याने.
हेडर मारला की आवाज पोदेराच्या भट्टीपर्यंत."
"आणि मग?" दामू शिरवईकर बाटली सरकवतो,
"मग गेला वास्कोला, मोटरसायकल मिळाली म्हणून.
लेजंड काय मोटरसायकलवर बसून जातो?"
"तर काय चालत जाणार?"
"जाणारच नाही! एकोणीस वर्षे गोलात उभा होता
जयवंत कुडचडकर. कुठे गेला तो?
ना नोकरी, ना बोनस. काय खाऊन जगला?"
"गोल खाऊन," मागून कोणीतरी.

सगळे हसतात. दामूही हसतो,
मग हसलो म्हणून स्वतःवरच चिडतो.

मला विचाराल तर कुडचडकर.
दहा अक्षरे, दोनशे रुपये रोख.
कुश्तोद म्हणजे तिनात आटोपले, भांडून चार,
आणि त्याचे आडनाव गावाने कधी वापरलेच नाही.

मग लुकास मास्तर, जो कधी बोलत नाही, बोलतो:
"कायतान."
अनवाणी खेळणारा बॅक. चिखलात रोवल्यासारखा.
त्याला चुकवून पुढे गेलेले लोक
पुढे जाऊनही मागे वळून बघायचे, म्हणे.
जरा वेळ कोणी काही म्हणत नाही.
डास येतात. बल्ब लागतो.

आणि नेमकी तेव्हाच इगर्जीहून येणारी कोंसेसांव
छत्री टेकून थांबते. त्याचीच बायको.
"त्याचे नाव घालू नका," ती म्हणते.
"दोन्ही पोरींच्या बाप्तिस्म्याला तो ग्राउंडवर.
आजारी पडला तेव्हा कुठे घरात सापडला.
आता रोज पावाला जाताना
परत इथेच उभा दिसायला नको मला."

ग्लास हातातल्या हातात.
पेद्रू टोपी काढतो, का ते त्यालाही ठाऊक नाही.

चार पावले जाऊन ती वळते.
"आणि त्या फायनलचा गोल त्याचा होता हां.
कुश्तोदचा नव्हे. शेवटी पाय कायतानचा लागलेला.
मला त्याने स्वतः सांगितलेय."

झाले. उर्राकची तिसरी बाटली फुटली,
म्हणजे उघडली.
"ऑफसाइड होता कायतान!"
"बॅक ऑफसाइड कसा होईल, गाढवा?"
"तिथे करत काय होता बॅक?"

मी त्या दिवशी त्याच गोलामागे होतो.
नऊ वर्षांचा. खाजनात पडलेला बॉल
पोहून काढायला नेमलेला, चार आण्यांवर.
पाऊस नव्हता, ऊन डोळ्यांवर नव्हते,
शेवटी कुणाचा पाय लागला ते मी हातभर अंतरावरून पाहिले.
कोणी विचारत नाही.
शिडीवरच्या माणसाला विचारतात ते एवढेच,
रंग सुकायला किती वेळ.

नवाला सेक्रेटरी हात जोडतो.
"तू सध्या नुसता आकडा घाल. सहा.
नाव जनरल बॉडी ठरवील."
आकड्याचे पैसे? अर्धे, म्हणतो.
मी ब्रश केरोसिनमधून परत काढतो,
६ घालतो, शेपूट जरा लांब ठेवून,
दहा रुपयांत बसते तेवढी.

खाली शांतता. माना वर.
मग दामू, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे:
"सहा नंबर कोण घालायचा रे आपल्याकडे?"

मी शिडीवरच बसून राहतो.
आता उतरून जागा कुठे मिळणार.