वजन विचारावं लागतं

फोन येतो तेव्हा आम्ही आधी नाव विचारत नाही.
वजन विचारतो.
पलीकडचा चिडतो. माणूस मरतोय, सिस्टर, आणि तुम्ही...
अंदाजे सांगा, मी म्हणते. सत्तर? ऐंशी?
कॅप्टन हिलालला इंधनाचं गणित मांडायचं असतं.
उन्हाळ्यात इथली हवा पातळ होते,
पाहुणे वाढल्यावरच्या आमटीसारखी,
पात्यांना धरायला काही उरत नाही.

असा एकेक जण माझ्या वहीत किलोनं उतरतो.
हैमाच्या रस्त्यावर ट्रेलर उलटलेला गुलरेज : ब्याण्णव.
त्यात बुटांचे दोन. बूट काढू दिले नाहीत,
आत पगार होता.
टाकीत घुसमटलेला मोहिबुल : एकावन्न.
मी दोनदा विचारलं.
तेलतळावरचा स्वयंपाकी, छातीत कळ,
तशातही पोट आत ओढून म्हणाला, झेपेल ना तुमच्या यंत्राला?
विंचू चावलेलं पोर : अकरा.
त्याच्या बापाचे चौऱ्याहत्तर घेता आले नाहीत.
धुरळ्यात उभा होता तो,
हात वर करावा की नाही हे न ठरवता.

आत शिरलं की कान संपतात.
मिरजेला शिकताना मॅडम सांगायच्या, आधी ऐक.
छातीला नळी लाव, डोळे मीट, ऐक.
इथे नळी नुसती गळ्यात, काळ्या पोतीसारखी.
मी दोन बोटांनी ऐकते, मनगटावर.
कुणी ओरडतं, कुणी देवाचं नाव घेतं, कुणी बायकोचं.
मला दिसतात हलणारे ओठ.

मार्चमध्ये एका सकाळी शम्सा बिन्त मुसल्लम.
खुबा मोडलेला. उंटिणीनं ढकललं.
कागदावर वय सत्तर, कागद जुना.
वजन? मुलगा म्हणाला,
एका शेळीपेक्षा थोडं जास्त.
हिलाल हसला नाही. शेळीचे पस्तीस धरले,
बेचाळीस लिहिले.

जन्मात पहिल्यांदा उडत होती,
तीही उताणी, पट्ट्यांनी आवळलेली.
तिला दिसत होती माझी हनुवटी, सलाईनची पिशवी
आणि छताचे रिव्हेट.
म्हणजे सगळे असेच उडाले होते,
गुलरेज, मोहिबुल, ते पोर.
एवढ्या मोठ्या वाळवंटावरून गेले, छत बघत.
सात वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिनं माझी बाही ओढली.
दुखतंय? औषध वाढवू? मी खुणेनं विचारलं.
तिनं खिडकीकडे बोट केलं.
मान उचलायची नाही. कंबर तर हलवायचीच नाही.
मग मी स्टीलचा किडनी ट्रे घेतला,
बाहीला पुसला,
खिडकीशी तिरका धरला.
थरथरत होता. तरी आलं त्यात
पिवळं काहीतरी, एक पांढरी रेघ,
काळे ठिपके, झाडं असतील, उंट असतील.
उलटं, वाकडं, ओंजळभर.

ती वाचू लागली.
मी कळवायचा आकडा विसरून बघत राहिले.
ओठ चालू, बोट एकेका ठिपक्यावर टेकत पुढे,
आणि मग एकदम तिनं ट्रे माझ्या हातातच दाबून धरला,
जणू त्यानं हेलिकॉप्टर थांबेल.
तीन बोटं दाखवली.
तीन विहिरी? तीन बाळंतपणं? तीन थडगी?
मी मान हलवली, कळल्यासारखी.

निझवाच्या छतावर दीड मिनिटात सगळं सोपवलं,
नाडी, दाब, दिलेलं औषध, दिल्याची वेळ.
पुढचं आम्हाला कुणी कळवत नाही.
तीन बोटांसाठी फॉर्ममध्ये रकाना नाही,
तरी मी कोपऱ्यात ३ लिहिले.
डॉक्टरनं फोन करून विचारलं, तीन काय?
मलाही माहीत नाही, म्हटलं.

आता तो ट्रे मी कपाटात ठेवत नाही.
स्ट्रेचरच्या डावीकडे असतो, खिडकीच्या बाजूला, घासलेला.
परवा हिलालनं विचारलं, हा इथे का?
त्याचेही दोनशे ग्रॅम धरावे लागतात.

पेशंट ओकतात, मी म्हटलं.