एक दिवसाचा परवाना

असल्फ्याच्या उतारावर मूकांबिका परमिट रूम.
काउंटरवर परवान्यांचं पुस्तक, पाच रुपयांना एक दिवस.
सुधाकर वेटर नावं मनाने टाकतो,
वय सगळ्यांचं सव्वीस.
वर छापलेलं: धारकास आरोग्य राखण्यासाठी
मद्याची आवश्यकता आहे.
आम्ही पाचही पॅथॉलॉजी लॅबमधले,
दिवसभर लोकांच्या लिव्हरचे आकडे टाईप करतो,
त्या ओळीला आमच्याइतकं कुणी हसत नसेल.

कारणाचा रकाना नाही त्यावर.
असता, तर ज्योएलने कोराच ठेवला असता.
उत्तनचा तो. बाप्तिस्म्याच्या जेवणात
आजोबांनी बोट बुडवून ओठाला लावलेलं.
एक ग्लास, माशाबरोबर, मग ग्लास पालथा.
'मिठाचं कारण विचारता का कुणाला?'

हृषीकेश श्रावणाची तूट आषाढातच भरून काढतो.
मग गणपती जाईपर्यंत लिंबूसोडा
आणि चेहरा असा, की पाया पडावं.
विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी
पहिल्या घोटाला डोळे मिटतो.
कुणाला हात जोडले, आम्ही विचारत नाही.

शलाका तिसऱ्या पेगला 'नाही' म्हणायला शिकते.
सरांना नाही, रविवारच्या ड्युटीला नाही,
नाशिकच्या त्या स्थळाला तर टेबलावर हात आपटून नाही.
सोमवारी मशीनमध्ये ट्यूब लावता लावता
हळूच विचारते, मी काही बोलले का रे?
आम्ही म्हणतो, नाही.

तस्लीम पीत नाही.
मसाला पापड, दोन उकडलेली अंडी,
आणि बिलाचा बरोब्बर पाचवा हिस्सा.
हृषीकेश एकदा भांडला त्यावरून, नको देऊस म्हणून.
'बसलो ना तुमच्यात? बसायचे पैसे.'
कोण काय बोललं, कोण कधी रडलं,
सगळं त्या एकट्याच्या लक्षात असतं.
ते तो कधी काढत नाही.

आणि मी.
ज्योएलबरोबर एक.
शलाकाबरोबर तीन.
श्रावणात हृषीकेशशेजारी लिंबूसोडा,
तोही चवीने.
मला वाटायचं, याला मोकळा स्वभाव म्हणतात.

परवा कुणीच आलं नाही,
ज्योएलकडे लग्न, शलाकाला नाईट,
हृषीकेशला ताप.
मी आणि तस्लीम, मध्ये पापड.
एक्साइजवाले फिरतायत म्हणून
सुधाकर खरीखुरी नावं मागत होता.
तस्लीम म्हणाला, 'तुला काय हवंय?'
साधाच प्रश्न. मेन्यू पुढे सरकवत विचारलेला.
पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावर
कुणीतरी चमच्याने बर्फ फोडत होतं.
मी मेन्यू दोनदा वाचला,
एकदा मागच्या बाजूनेही,
तिथे फक्त जीएसटीचा नंबर होता.

सुधाकरने पेन झटकलं.
'नाव बोला, शेठ.'

आणि मी
तस्लीमकडे बघितलं.