मागची जागा

ग्वाल्हेर, कंपू. लाईट गेलेली दुपार.
शार्दूलला शाळेत तिसरा नियम आहे
म्हणून अण्णा फरशीवर खडूने तोफ काढतात.

"हिला धक्काच नाही. खांद्यावर घे,
कपातला चहा हिंदकळणार नाही.
काडतूस बघ, चाळणीसारखी भोकं.
पाच भाग दारू, त्यातली एक गोळ्याला,
चार मागे, या नरसाळ्यातून.
घसा झिजला की तोल जातो,
मग ढकलते खांदा.
मी तो घसा मोजायचो. तीस वर्षं.
केसाच्या निम्म्यापर्यंत."

मग खडू आडवा धरून
मागचा झोत रंगवतात, पसरट,
शिवणयंत्राच्या पायांतून
थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत.
"इथं कुणी उभं राहायचं नाही."

आई तिथेच उभी,
हातात चिवड्याची वाटी,
पावलं पांढरी झालेली.

"आजोबा, मागच्या माणसाचं गणितात काय धरायचं?"

अण्णांना डाव्या कानानं ऐकू येत नाही,
उजव्यानं हवं तेवढंच.
ते खडूकडे बघतात, मग वर.
"तू कधीपासून उभी आहेस?"

"पुसायची मलाच आहे ना फरशी,"
आई म्हणते,
आणि वाटी शार्दूलकडे देते.